सुटली म्हणा, वहिनी

वहिनी, काल तुमचा निखिल परत जर्मनीला गेला. हे त्याला इंदूरच्या विमानतळावर सोडायला गेले, मी दारातच राहिले. त्याच्या हातावर दही-साखर दिली, तुम्ही द्यायच्या तशीच. त्याने ती खाल्ली, हात पुसला, बॅग उचलली आणि माझ्या पाया न पडता गाडीत जाऊन बसला. शाळेच्या सहलीला निघतानाही हा पोरगा आधी आईच्या, मग काकूच्या पाया पडायचा आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची. काल धपाट्यासाठी उचललेला हात मी तसाच पदरात घेतला.

तो का वाकला नाही ते तुम्हाला माहीत आहे. तरी सांगणार, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. बत्तीस वर्षं एका गॅसवर चहा ठेवला आपण, मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ. उज्जैनच्या फ्रीगंजात आख्खा मोहल्ला म्हणायचा, "इन दोनों का रेडियो बंद ही नहीं होता." भांडायचो किती! तुम्ही मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, मी मांजर आडवं गेलं की परत फिरणारी. मी शिंकेला थांबायची, तुम्ही म्हणायच्या, "शोभे, त्याला सर्दी झालीय. यमाचा निरोप नाही तो."

व्हेनिसला निघालो तेव्हा टॅक्सीवाला शिंकला होता. मी म्हटलं, दोन मिनिटं बसू, पाणी पिऊ, मग निघू. तुम्ही मला हाताला धरून गाडीत कोंबलंत. "चल गं, खामखा उशीर." दोन मिनिटं बसलो असतो तर काय झालं असतं? काही नाही, दोन मिनिटं उशिरा पोचलो असतो. पण आता रोज वाटतं, बसायला हवं होतं.

तुमचं ते शहर. तीस वर्षं तुम्ही पोरींना शिकवलंत, बेटांवर बसलेलं शहर, रस्त्यांच्या जागी कालवे, घराच्या दाराशी होडी. खडूने फळ्यावर काढून दाखवायच्या आणि स्वतः कधी मुंबईच्या पलीकडे गेला नव्हतात. भाऊजी गेल्यावर तर तुम्ही घरातच बसलात. मग निखिलने जर्मनीहून तिकिटं काढतो म्हटलं तेव्हा तुमची अट एकच, शोभा पण येणार. तो म्हणाला, "आई, दिवाळीनंतर नको, त्या दिवसांत तिथे पाणी चढतं." तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "मग तेच तर बघायचंय. शिप्रा घाटावर चढते तेव्हा आख्खं उज्जैन बघायला जातं." हे फक्त आपल्या गावचं माणूस बोलू शकतं. राम घाटावरची देवळं पाण्यात जातात आणि आपण भुट्टा खात पुलावर उभे असतो.

खरं सांगते, मला ते शहर पहिल्या सकाळपासून आवडलं नाही. तुमचं मन मोडू नये म्हणून "वा, वा" करत होते. धुकं इतकं की पुलाचं एक टोक दिसायचं, दुसरं नाही. गाडी नाही, हॉर्न नाही. पायांचा आवाज यायचा, माणूस दिसायचं नाही. होड्या सगळ्या काळ्या. मी म्हटलं, वहिनी, ह्या काय अर्थीसारख्या, मढं न्यायला आणल्यासारख्या. तुम्ही म्हणालात, जुना कायदा आहे तिथला, श्रीमंतांनी होड्या नटवू नयेत म्हणून काळा रंग. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कायदा असायचा. पण मला घरांचे खालचे मजले दिसत होते. दारं विटांनी बुजवलेली, भिंतींवर पाण्याच्या रेघा, एकावर एक. आत कुणी राहत नाही. निखिल म्हणाला, पाणी येतं म्हणून लोक वरच्या मजल्यांवर गेले. म्हणजे सगळं शहर हळूहळू जिना चढत होतं. मी त्या दिवशी जेवले नाही, तुम्ही माझ्यावर चिडलात. "तोंड पाडून बसायचं होतं तर उज्जैनलाच बसायचं ना."

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या चौकात ते झालं. आभाळ कोरडं ठाक. पाऊस नाही, पूर नाही, लाटही नाही. आणि फरशीतल्या भोकांतून पाणी वर यायला लागलं. आवाज न करता. आधी ओल, मग थारोळं, मग थारोळी एकमेकांना मिळाली. लोक फोटो काढत होते. फळ्या मांडायला माणसं आली. तुम्ही हरखून पोरीसारख्या बघत होतात. "चंद्र ओढतो बघ शोभे. खालून येतं. कुणाला कळायच्या आत पायाशी येतं." मी तुमचा दंड घट्ट धरला होता. तुम्हाला वाटलं मी पडेन म्हणून.

आता ती तिसरी संध्याकाळ. धक्का पाण्याने बंद झाला होता, बोटी कुठून सुटतात ते बघायला निखिल गेला. "दोघी इथेच बसा, हलू नका," असं बजावून गेला. छोटासा कालवा, बाजूला दगडी बाक, आणि बाकासमोरून पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. पायऱ्या! तुम्हाला कोण थांबवणार?

पाण्यात पाय घालायच्या आधी हात लावायचा, ते डोक्याला लावायचं, ही आपल्याकडची रीत. तुमचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण हे मात्र कधी चुकवलं नाहीत. नर्मदा असो, मुंबईचा समुद्र असो, कुणाच्या शेतातला तलाव असो. "कुणाच्या घरात शिरताना दार वाजवतो ना आपण, तेवढंच," असं म्हणायच्या. त्या दिवशी तुम्ही भेरूगढ़ छपाईची लाल सुती साडी नेसला होतात, वरून निखिलचा कोट. साडी उचललीत आणि उतरलात. मी म्हटलं, वहिनी, काई आहे, शेवाळ, हिरवं दिसतंय. तुम्ही म्हणालात, "मला काई शिकवतेस? राम घाटावर जन्म गेला माझा." राम घाटावर कुठली पायरी धरते आणि कुठली सोडते हे तुमच्या पायांना ठाऊक होतं, ते खरं. पण तो राम घाट नव्हता ना. ते पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, वरून सुकी दिसणारी पायरीही आतून बुळबुळीत असते. भूगोलाच्या बाईंना हे माहीत असायला हवं होतं. बघा, अजून भांडतेय मी.

तुम्ही वाकलात, हात लावलात, कपाळाला लावलात. उठलात, वळणार तोच पाय गेला. मागे बसल्यासारख्या पडलात आणि डोक्याचा मागचा भाग वरच्या पायरीच्या कडेला लागला. तो आवाज मी सांगणार नाही. समोरच्या घरात वरच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. तिने सगळं बघितलं, छातीवर हात फिरवून काहीतरी पुटपुटली आणि खिडकी लावून घेतली.

मी तुम्हाला कसं वर ओढलं मला आठवत नाही. रक्त नव्हतं, टेंगूळ होतं लिंबाएवढं. साडीचा काठ हिरवाकाळा. आणि तुम्ही हसत होतात! मी रडत होते आणि तुम्ही हसत होतात. मी म्हटलं, निखिल येऊ दे, आधी डॉक्टर, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, काय समजता काय तुम्ही स्वतःला? तेव्हा तुम्ही हसायच्या थांबलात. माझं मनगट धरलंत. "शोभे, त्याने नको म्हटलेलं असताना मी हट्टाने आलेय. आता कळलं तर तो स्वतःला खाईल, मला सोडून गेला म्हणून. कुणालाही सांगशील तर माझं मेलं तोंड बघशील."

तुमचा शपथांवर विश्वास नव्हता. पण माझा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून घातलीत. आपल्या घरात शपथ घालणाऱ्याने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. निखिल लहान असताना एकदा "काकू, भजी खाशील तर माझी शपथ" म्हणून शाळेत पळाला, आणि तो परत येऊन "सुटली" म्हणेपर्यंत मी दुपारभर भज्यांसमोर उपाशी बसले होते. तुम्ही त्यावर किती वर्षं हसलात. पाहुण्यांना सांगायच्या, आमची शोभा अशी आहे. त्याच शोभेला तुम्ही त्या पायऱ्यांवर बांधलंत.

निखिल वीस मिनिटांत परत आला. तुम्ही म्हणालात, "पाय सोडून बसले होते, लाट आली." तो म्हणाला, "आई, तू पण ना." आणि स्वतःच्या मफलरने तुमचे पाय पुसले. मी कालव्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर दोन आठवडे सगळं ठीक. मग डोकं दुखायला लागलं. तुम्ही म्हणालात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग चहात पत्ती टाकायची विसरलात, नुसतं दूध-पाणी उकळून मला दिलंत आणि वर विचारलंत, कसा झालाय. मी "छान" म्हटलं. डावी चप्पल पायातून निसटायला लागली. मला कळत होतं, वहिनी. रोज सकाळी मी म्हणायची, सुटली म्हणा ना, मी डॉक्टरांना सांगते. तुम्ही म्हणायच्या, "टेंशन नको घेऊ. म्हणीन." गल्लीतल्या डॉक्टरांकडे मी नेलं तुम्हाला. त्यांनी सरळ विचारलं, "माताजी, कहीं गिरी थीं क्या?" तुम्ही म्हणालात, "नहीं तो." आणि माझ्याकडे बघितलंत. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते, पर्स मांडीवर, तोंड शिवल्यासारखी. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या होतात. मी भाजी निवडत होते. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "शोभे, फरशीतून पाणी येतंय का गं?" फरशी कोरडी खडखडीत होती. मी म्हटलं, नाही वहिनी. तुम्ही पाऊल उचलून घेतलंत, जसं पाण्यातून उचलतात. "येतंय बघ. हळूहळू येतंय." त्यानंतर तुम्ही माझ्याशी नीट काही बोलला नाहीत.

इंदूरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. डोक्यात रक्त थोडं थोडं साचत गेलं होतं, महिनाभर. मला तो चौक आठवला. निखिल पोचला तेव्हा तुम्ही गेल्या होतात. मी तुमचं तोंड बघितलं. काहीही न सांगता, शपथ अक्षरशः पाळून, बघितलं.

दहाव्याला राम घाटावर पिंड मांडला तेव्हा मी मागे उभी होते. मला खात्री होती कावळा शिवणार नाही. गुरुजी विचारतील काय इच्छा राहिली, सगळे एकमेकांकडे बघतील आणि मला बोलावंच लागेल. वाक्य ओठांवर तयार होतं. आणि कावळा आला तो गुरुजींनी हात मागे घ्यायच्या आत. "माताजी तृप्त होकर गईं," गुरुजी म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला तुमचा. एवढी काय घाई होती? मला एक संधी तर द्यायची.

मग कामवाल्या रेखाचं झालं. डॉक्टरांनी निखिलला सांगितलं होतं, चोट पुरानी है. तो वेड्यासारखा सगळ्यांना विचारत सुटला, आई कुठे पडली, कधी पडली. मला विचारलं तेव्हा मी अर्धं सांगितलं. म्हटलं, शेवटी शेवटी तुझी आई म्हणत होती, फरशीवर पाणी आहे. झालं. त्याने अर्थ लावला. रेखा फरशी पुसते, ओली ठेवते, आई घसरली आणि रेखाच्या भीतीने की प्रेमाने कुणाला बोलली नाही. बारा वर्षं आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला त्याने अंगणातूनच परत पाठवलं. ती मला म्हणाली, "भाभी, आप तो जानती हो, मैं पोंछा निचोड़ के लगाती हूँ. आप बोलो ना भैया को." मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. निखिलने देवास गेटच्या बाजारातून रबराच्या चटया आणल्या आणि घरभर अंथरल्या. तुमच्या खोलीतसुद्धा. आता कोण घसरणार होतं तिथे?

तेरावा झाला. परवा तो तुमचं कपाट आवरत होता. लाल साडी उलगडून म्हणाला, "काकू, हा डाग कसला गं? जात कसा नाही?" हॉटेलच्या बेसिनमध्ये तुम्ही ती तीनदा धुतली होतीत. मी म्हटलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर राम घाटावर चल.

सकाळी घाटावर गर्दी कमी होती. मी शेवटच्या पायरीपर्यंत उतरले, हात लावला, डोक्याला लावला. तुमच्याशी बोलले. म्हटलं, वहिनी, एकदा सुटली म्हणा, त्या बाईच्या पोटावर पाय आलाय. थांबले. पाणी वाहत होतं, कुणीतरी घंटा वाजवली, तुम्ही काही म्हणाला नाहीत. वरून निखिल ओरडला, "काकू, सांभाळून, काई आहे." मी त्याला खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. पायऱ्या, कोट, टेंगूळ, शपथ, डॉक्टर. एक शब्द गाळला नाही.

तो माझ्या बाजूच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मी किती वेळ गेलो होतो?"

"वीस मिनिटं."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू तिथे होतीस?"

"होते."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. वहिनी, शपथेत मेल्या तोंडाची गोष्ट होती. ते मी बघून बसले होते, त्याहून वाईट काही उरलं नाही असं समजून त्याच्यासमोर बसले होते. जिवंत तोंडाचं तुम्ही मला काही सांगितलंच नव्हतं.

तो उठला, रेखाच्या घरी स्वतः गेला, तिच्यासमोर हात जोडले. परत येऊन सगळ्या चटया गुंडाळून गच्चीवर ठेवल्या. ती लाल साडी त्याच्या बॅगेत गेली, न धुता. माझ्याशी त्यानंतर दोनच वाक्यं बोलला, दोन्ही तिकिटाबद्दल. तुम्ही ज्याला वाचवायला मला बांधलंत, तो स्वतःला खातोच आहे. वर मलाही सोडून गेला. मी तुमच्यावर प्रेम केलं, वहिनी, सख्ख्या बहिणीवर करावं तेवढं. पण ही गोष्ट मी तुम्हाला माफ करू शकत नाही अजून. आणि स्वतःला तर नाहीच.

आज सकाळी फोन वाजला. कुठूनही कुठेही पोचला की तो तुम्हाला फोन करायचा, एकच शब्द बोलायचा आणि तुम्ही त्यावर दहा प्रश्न विचारायच्या. मी उचलला.

"पोचलो, काकू."

मला दहा प्रश्न सुचले नाहीत. म्हटलं, "जेवलास?" तो म्हणाला, "हो." पण त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यासारखा. खूप वेळाने ठेवला.

आता रेखा आलीय. "भाभी, पैर ऊपर लो," म्हणते, फरशी पुसतेय. मी पाय वर घेऊन बसलेय, तुमच्या खुर्चीत. फरशी ओली आहे, माझी नजर तिथून हलत नाही. माझ्यापुरतं मी सगळं बोलून टाकलंय, पण सोडायचं तुमच्याच हातात आहे, हा आपल्या घरातला नियम. रेखाला थोडं थांबायला सांगितलंय, बादलीचा आवाज होतो म्हणून. म्हणा एकदा. मी ऐकतेय.